सी७ कॉर्व्हेट, मॅन्युअल, आणि मिशिगनचा हिवाळा : सहा वर्षं वापरून झाल्यावर

मंडळाच्या गणपतीला दरवर्षी कोणीतरी पार्किंगमध्ये गाठतोच, हातात जेवणाची प्लेट, आणि सुरुवात ठरलेली, "तुझी ती गाडी... परवडते का रे?" मग मी उभ्या उभ्या अर्धा तास बोलतो, त्याचा वरणभात गार होतो आणि माझाही, आणि शेवटी तो टेस्ला घेतो. म्हणून यावेळी एकदाचं लिहूनच टाकतोय, पुढच्या वेळी नुसतं हे पाठवून देईन.

तर गाडी २०१६ ची शेव्रोले कॉर्व्हेट स्टिंगरे, म्हणजे सी७, सातवी पिढी, ७ गिअरची मॅन्युअल, बेस मॉडेल. घेतली २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये, सेकंड हँड, २१ हजार मैल झालेली, टॅक्सबिक्स धरून चाळीस हजार डॉलरच्या थोडं वर गेलं. तेव्हाच का घेतली तर त्या वर्षी जुलैमध्ये पुढची पिढी, सी८, दाखवली होती, इंजिन ड्रायव्हरच्या मागे गेलेली, आणि त्यात क्लच पेडलच नाही. म्हणजे १९५३ पासून पुढच्या बाजूला इंजिन असलेली जी गाडी बनत होती तिचा हा शेवटचा अवतार, आणि पायाने क्लच दाबायची शेवटची कॉर्व्हेटही हीच. लोक सी८ च्या नादात होते, डीलरकडे सी७ नुसत्या उभ्या होत्या. मी म्हटलं आता नाही घेतली तर आयुष्यभर होंडाची घरगुती सीआरव्हीच चालवत बसू.

लोकांना वाटतं अमेरिकन स्पोर्ट्स कार म्हणजे नुसता दांडगोबा, सरळ पळते आणि वळणावर झोपते. मलाही तसंच वाटायचं, कॉलेजमध्ये जे काही मॅगझिन हाताला लागायचं त्यात युरोपियन गाड्यांचंच कौतुक असायचं. पण हिचं इंजिन नीट बघा एकदा. ६.२ लिटरचा व्ही८, म्हणजे आठ सिलिंडर, ४५५ हॉर्सपॉवर, आणि रचना कशी तर जुन्या वळणाची, एकच कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडबंद करणारा दांडा), तोही खाली इंजिनच्या पोटात, आणि वरचे व्हॉल्व्ह ढकलायला पुशरॉड. ऑफिसातले जर्मन गाड्यांवाले हसतात याला, ट्रॅक्टरचं इंजिन म्हणतात. पण डोक्यावर चार चार कॅमशाफ्ट नाहीत म्हणून हे इंजिन बुटकं आणि हलकं आहे, बॉनेट खाली ठेवता येतं, आणि टायमिंगच्या लांबलचक चेनांची भानगड कमी. गिअरबॉक्स तर इंजिनला चिकटलेलाच नाहीये, तो मागच्या चाकांपाशी ठेवलाय म्हणजे वजन पुढे मागे जवळपास निम्मं निम्मं. वळणावर झोपत वगैरे काही नाही. झोपलो तर मीच झोपेन, गाडी नाही.

आणि हिला पाटे आहेत, ट्रक-एसटीला असतात ते स्प्रिंगचे! खरंच, पुढे आणि मागे आडवा पाटा, फक्त लोखंडाचा नाही, फायबरचा. माझे बाबा एसटीत ड्रायव्हर होते, मिरज डेपो, रिटायर होईपर्यंत. २०२२ ला आले होते सहा महिने. पहिले दोन दिवस गाडीकडे बघितलं पण नाही, चहा पीत ड्राइव्हवेच्या कडेने चक्कर मारायचे फक्त. तिसऱ्या दिवशी मी खाली कार्डबोर्ड घालून ऑइल बदलत होतो तर वाकून विचारतात, "सस्पेन्शन काय आहे?" मी म्हटलं पाटे. त्यावर जो चेहरा झाला त्यांचा तो सांगता येणार नाही. "पाटे आहेत म्हणजे गाडी ठीक आहे" म्हणाले आणि पहिल्यांदा दार उघडून आत बसले. म्हणजे बसले म्हणजे पडले आत, ते पुढे सांगतो.

मग त्यांना एक फेरी मारून आणली आणि तिथे आमची फजिती झाली, कारण या मॅन्युअलमध्ये एक खोडी आहे. पहिल्या गिअरमध्ये हळू, म्हणजे ताशी २५ ते ३० किलोमीटरच्या मध्ये कुठेतरी, अ‍ॅक्सिलरेटर हलका ठेवून तुम्ही दुसरा टाकायला गेलात तर गाडी दुसरा टाकूच देत नाही, दांडा सरळ चौथ्यात जातो. स्किप शिफ्ट म्हणतात त्याला, सरकारी टेस्टमध्ये मायलेजचा आकडा चांगला यावा म्हणून केलेली युक्ती. बाबा शेजारी बसून बघतायत, "पहिल्यावर चौथा? शिकलास कुठे तू?" मी समजावून सांगितलं की मी नाही हो, कंपनीने केलंय, तर त्यांना पटेचना, त्यांच्या मते मी माझी चूक कंपनीवर ढकलत होतो. यावर उपाय सोपा आहे, एक छोटा प्लग मिळतो पंचवीस तीस डॉलरला, लावला की विषय संपला. नाहीतर थोडं जास्त दाबून गिअर बदला, तेही चालतं, मजाही येते.

अजून एक गंमत म्हणजे मॅन्युअल असून स्टिअरिंगच्या मागे पॅडल आहेत. नवीन माणूस बघतो आणि म्हणतो अरे ही तर ऑटोमॅटिक. ते पॅडल गिअरचे नाहीत, रेव्ह मॅचिंग चालू बंद करायचे आहेत. चालू केलं की खालचा गिअर टाकताना गाडी स्वतःच इंजिनचा वेग बरोबर वाढवून देते, धक्का बसत नाही, आणि आवाज असा येतो की आपण फार भारी ड्रायव्हर आहोत. मी सुरुवातीला चालूच ठेवलं होतं. नंतर बाबांच्या समोर लाज वाटली म्हणून बंद करून पायाने शिकलो.

आता वेगाचं सांगतो, कारण सगळ्यांना तेच ऐकायचं असतं. शून्य ते साठ मैल चार सेकंदांच्या आसपास. बरं मग? दुसरा गिअर लाल रेषेपर्यंत (इंजिन फिरायची हद्द) ओढला की वेगाचा काटा ऐंशी मैलांच्या पुढे जातो, आणि इथे हायवेवर लिमिट ७०, वर उत्तरेकडे काही ठिकाणी ७५. म्हणजे सात गिअरपैकी पाच गिअरचा पूर्ण जोर काढणं कायद्याने शक्यच नाही. सहा वर्षांत मी हिला पूर्ण दाबली असेल ती हायवेच्या रॅम्पवर, दरवेळी तीन चार सेकंद, बास. तेवढ्यात बायकोचा हात डॅशबोर्डवर जातो. आमच्या घरात एकुलतं एक स्पीडिंग तिकीट आहे ते ओहायोमधलं, आणि ते मिनीव्हॅनवर, कोण चालवत होतं ते लिहीत नाही, घरात जेवायचंय मला.

मग मजा कशात आहे तर चाळीस पन्नास मैलाच्या वेगात. शनिवारी सकाळी सहाला, छप्पर काढून. छप्पर म्हणजे मधला पॅनेल अख्खा निघतो, तीन खटके सोडायचे, उचलायचा, मागे डिकीत त्याच्या खाचा आहेत तिथे बसवायचा. एकट्याने जमतं पण दोघे असले तर बरं, ओरखडे पडत नाहीत. मग गावाबाहेरचे दोन लेनचे रस्ते, मक्याची शेतं, तिसऱ्यातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा, आणि तो आवाज. आवाजाचं वर्णन करायला गेलं की कविता होते म्हणून सोडून देतो, पण व्ही८ थंडीत पहिल्यांदा चालू होताना शेजारची आजी पडदा बाजूला करते एवढं नक्की. सकाळी सहाला निघायचं तर मी क्लच दाबून गाडी उतारावरून गडगडत खाली नेतो आणि कोपऱ्यावर जाऊन चालू करतो. एकेकाळी सांगलीत हिरो होंडा अशीच बाहेर काढायचो, घरच्यांना कळू नये म्हणून.

हायवेवर गाडी एकदम साधी होऊन जाते. सातव्या गिअरमध्ये ७० ला इंजिन १३०० आरपीएमच्या आसपास फिरत असतं, काही कष्टच नाहीत. इको मोड लावला तर आठातले चार सिलिंडर बंद होतात. मला लांबच्या प्रवासात गॅलनला २८ मैलपर्यंत मिळालंय, म्हणजे लिटरला बाराला थोडं कमी, ४५५ हॉर्सपॉवरच्या गाडीत! गावात मात्र १५, आणि रॅम्पवर शहाणपणा केला तर बघूच नका. प्रीमियम गॅस (म्हणजे पेट्रोल) घालायला सांगतात, ते धरून चाला.

आता रडगाणं. पहिलं म्हणजे दोन सीट. आम्ही तिघं आहोत. यात सगळं आलं. गाडी घेतली तेव्हा लेक लहान होती, मागे सीटच नाही म्हणजे तिला नेताच यायचं नाही, त्यामुळे "आपण सगळे" कुठेही जायचं म्हटलं की मिनीव्हॅन. आता ती पुढे बसायच्या वयाची झाली तर आई घरी राहते, आणि मग परत आल्यावर मला ऐकावं लागतं. ही गाडी घरातली एकमेव गाडी म्हणून घ्यायचा विचार जरी करत असाल तर इथेच थांबा, पुढचं वाचू नका.

दुसरं, बसणं आणि उठणं. सीट जमिनीच्या इतकी जवळ आहे की तुम्ही बसत नाही, घसरता. आईला गुडघ्यांचा त्रास, त्यात साडी, आम्ही तिला एकदा हौसेने देवळात घेऊन गेलो, म्हणजे मी आणि ती, आणि देवळाच्या दारात तिला बाहेर काढायला दोन अनोळखी माणसं आली मदतीला. ती म्हणाली विहिरीतून काढल्यासारखं वाटलं. येताना ती दुसऱ्या कोणाच्या तरी गाडीतून आली, मी एकटा. दारंही लांब आहेत, दुकानाच्या पार्किंगमध्ये शेजारी कोणी चिकटून लावली की तुम्ही पोट आत घेऊन बाहेर, म्हणून मी नेहमी सगळ्यात लांब कोपऱ्यात लावतो. डॉक्टरने चालायला सांगितलंच आहे.

पण डिकी! याचं कोणी कौतुकच करत नाही. मागची काच उचलली की आत १५ घनफूट जागा, दोन मोठ्या बॅगा आरामात, कोस्टकोची (घाऊक किराण्याचं दुकान) फेरी होते. फक्त छप्पर काढून आत ठेवलं असेल तर मग काही नाही. गणपती मात्र आम्ही डिकीत ठेवत नाही. मूर्ती दुकानातून आणताना शेजारच्या सीटवर, खाली पाट, बेल्ट लावून, आणि छप्पर काढलेलं. सिग्नलला शेजारच्या ट्रकमधला माणूस बघत राहिला, मग अंगठा वर केला. असा प्रवास बाप्पाचा दुसऱ्या कुठल्या गाडीतून झाला नसता, हे बायकोलाही मान्य आहे.

खर्चाकडे येऊ. टायर, टायर आणि टायर. पुढे २४५ रुंदीचे १८ इंची, मागे २८५ चे १९ इंची, म्हणजे पुढचे मागे मागचे पुढे असं फिरवता येत नाही. वर रनफ्लॅट, म्हणजे पंक्चर झालं तरी बेताच्या वेगाने पन्नास एक मैल जाता येतं, कारण स्टेपनी नाहीचे, ठेवायला जागाच नाही. चारही बदलले तेव्हा बसवण्यासकट सतराशे डॉलर गेले. मागचे मला पंधरा हजार मैलसुद्धा पुरले नाहीत, आणि मी काही धूर काढत फिरत नाही. तरी परत मोजतो मी ते पैसे, पण दर वेळी पोटात गोळा येतो.

आणि हे टायर उन्हाळ्याचे. बाहेर ४० फॅरनहाइटच्या खाली, म्हणजे साधारण ४ ५ सेल्सिअसच्या खाली गेलं की रबर कडक होतं, पकड जाते, मागच्या चाकांना ४५५ घोडे आणि खाली जणू काचेचा रस्ता. कडाक्याच्या थंडीत गाडी नुसती हलवली तरी रबराला तडे जाऊ शकतात. मिशिगनमध्ये म्हणजे काय झालं? नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात गाडी आत, एप्रिलच्या मध्याला बाहेर. पाच महिने नुसती चादर घालून उभी. रस्त्यावर मीठ टाकतात ते वेगळंच. बॉडी फायबरची आणि चॅसी अ‍ॅल्युमिनियमची आहे म्हणून गंजणार नाही असं कोणी सांगेल, पण खाली बोल्ट आहेत, ब्रेकच्या नळ्या आहेत, त्या काही फायबरच्या नाहीत. आत ठेवताना बॅटरीला छोटा चार्जर, टाकी पूर्ण भरून त्यात पेट्रोल खराब होऊ नये म्हणून स्टॅबिलायझर, टायरमध्ये हवा थोडी जास्त, आणि उंदरांसाठी सायलेन्सरच्या तोंडात स्टील वुलचे बोळे. एप्रिलमध्ये ते बोळे काढायला विसरू नका. मी एकदा विसरलो होतो, आवाज आला आणि बोळा शेजाऱ्याच्या लॉनवर.

हिवाळा संपला की खड्डे. इथले खड्डे बघून पुण्याच्या माणसाला माहेरी आल्यासारखं वाटेल. २०२३ च्या एप्रिलमध्ये पहिल्याच फेरीत पाण्याने भरलेल्या खड्ड्यात पुढचं चाक गेलं, रिम वाकली, टायर फुगा आल्यासारखा. रिम सरळ करून घेतली, टायर नवा. बारीक कडेचे टायर आणि हे रस्ते यांचं जमत नाही, त्यात लांब नाकाखालची रबराची पट्टी प्रत्येक ड्राइव्हवेला घासते. ती घासायलाच दिली आहे असं समजा, नवीन स्वस्तात मिळते.

इन्शुरन्स इथे किती महाग ते मिशिगनवाल्यांना सांगायला नको. २०२० पासून मेडिकलचं कव्हर किती घ्यायचं ते निवडता येतं म्हणून थोडा फरक पडला, तरी माझा एजंट गाडीचं नाव ऐकून आधी हसतो आणि मग आकडा सांगतो. हिवाळ्यात गाडी उभी असताना कव्हर कमी करता येतं, एजंटला विचारा, स्वतःहून तो सांगणार नाही.

मेंटेनन्स मात्र वाटलं होतं त्यापेक्षा फारच किरकोळ. ऑइल साडेसहा लिटर लागतं, मी घरीच बदलतो. फक्त जॅक लावताना जपून, खाली चार ठिकाणी खाचा आहेत त्यात रबराचे गुटके बसवूनच उचलायची, नाहीतर फायबरचा पॅनेल तडकतो. एका टायरच्या दुकानात पोराने सरळ जॅक सारला होता, मी ओरडलो म्हणून वाचली. तेव्हापासून गुटके खिशात घेऊनच जातो आणि तिथे उभा राहतो, काय म्हणायचं ते म्हणा. सुटे भाग कुठेही मिळतात, जर्मन गाडीच्या एका बिलात माझी दोन वर्षं निघतात, हे मी नाही, माझा पोर्शवाला मित्रच म्हणतो.

ऑटोमॅटिक घ्यावी का असं पुष्कळ जण विचारतात. २०१५ पासूनच्या आठ गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये हलक्या वेगात थरथर होते अशी बऱ्याच मालकांची तक्रार होती, कंपनीने नंतर वेगळं ऑइल भरायला सांगितलं. घेणार असाल तर ते ऑइल बदलल्याचा कागद मागा. पण माझं विचाराल तर ऑटोमॅटिकच हवी तर सरळ सी८ घ्या, ती त्या कामात जास्त हुशार आहे.

एक गोष्ट घेताना कोणी सांगितली नव्हती. समोरून कॉर्व्हेट आली की तिचा ड्रायव्हर हात करतो, आणि तुम्हीही करायचा. कोण, कुठला, काही माहीत नाही. बहुतेक सत्तरीतले गोरे आजोबा असतात, मला बघून अर्धा सेकंद थांबतात आणि मग हात वर येतोच. बाबांनी हे बघितलं आणि एकदम खुलले, कारण एसटीवाले समोरच्या एसटीला असाच हात करतात, घाटात, रात्री, कुठेही. पुढच्या कॉर्व्हेटला त्यांनीच शेजारच्या सीटवरून हात केला, अगदी ड्युटीवर असल्यासारखा, कोपर खिडकीत ठेवून.

त्या वर्षी त्यांना घेऊन केंटकीला बोलिंग ग्रीनला गेलो होतो, तिथे १९८१ पासून या गाड्या बनतात, समोरच म्युझियम. जायला सात तास. तिथे २०१४ च्या फेब्रुवारीत पहाटे जमीन खचली आणि प्रदर्शनातल्या आठ कॉर्व्हेट पोटात घेतल्या, खाली चुनखडीच्या गुहा आहेत त्या भागात. आठही वर काढल्या, तीन दुरुस्त केल्या, बाकीच्या पाच तशाच चेपलेल्या, मातीने भरलेल्या मांडून ठेवल्यात. बाबा चकचकीत गाड्या सोडून त्या चेपलेल्या पाचांपाशीच बराच वेळ उभे होते. "ही डेपोला परत आणता आली असती" असं एकीकडे बोट दाखवून म्हणाले.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ, म्हणजे हौशी लोकांच्या गाड्यांची जत्रा, असते, डेट्रॉइटच्या आसपास राहत असाल तर माहीतच असेल. तिथे गाडी घेऊन एकदाच गेलो. तीन तास पहिला गिअर, क्लच, न्यूट्रल, पहिला गिअर, डावा पाय दुसऱ्या दिवशी उचलेना. आता आम्ही फोल्डिंग खुर्च्या आणि चिवडा घेऊन कडेला बसतो.

घ्यायचीच असेल तर बेस मॅन्युअल बघा, झी०६ (याच गाडीचं जास्त ताकदीचं मॉडेल) च्या ६५० हॉर्सपॉवरचं इथे काय करणार तुम्ही, दुसऱ्या गिअरमध्येच तर राहायचंय. टायरवरची तारीख वाचा, नक्षी भरपूर असली तरी सहा सात वर्षं जुने असतील तर सतराशे डॉलर किमतीतून वजा करा. रिम आतल्या बाजूने टॉर्च मारून बघा, तडे तिथेच असतात. छपराच्या रबरावर पाणी ओतून बघा. आणि घरच्यांना सोबत नेऊन आधी बसून उठून बघायला लावा, गाडी सुरू करायच्या आधीच, कारण आवाज ऐकला की मग कोणी खरं बोलत नाही. माझी विकायची नाहीये, गेल्या गणपतीत दोघांनी विचारलं म्हणून सांगतोय.